पान, भिंत आणि आभासी लेणे

अजिंठ्यावरील विशेषांकाची आखणी सुरू असताना संपादक मंडळाच्या बैठकीत एका तरुण सदस्याने एक प्रश्न उपस्थित केला. आपण लेण्यांतील चित्रे आजवर कृष्णधवल ठशांत, किंवा फार तर मधल्या एका रंगीत फर्म्यात छापत आलो. आता वाचकाने छापील चित्रावर मोबाईलचा कॅमेरा धरताच ते चित्र पानावरून उभे राहावे, आणि डोळ्यांवर योग्य ते उपकरण चढवल्यास संपूर्ण लेणेच त्याच्याभोवती उभे राहावे, अशी सोय आपण का करू नये? प्रश्नावर दोन तट पडले. एका पक्षाच्या मते हा खर्चिक खेळ होता. दुसऱ्याच्या मते तरुण वाचक टिकवावयाचा तर याला पर्याय नव्हता. खर्चाचा आणि वर्गणीदारांचा विचार दोघांनीही केला; परंतु नियतकालिकाची मांडणी भिंतीवर किंवा अवकाशात नेणे म्हणजे नेमके काय नेणे, हा विचार कोणीच केला नाही, आणि मीही त्या दिवशी तो नीट मांडू शकलो नाही. तो येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम संज्ञांचा अर्थ पाहू. 'व्हर्च्युअल रिॲलिटी' म्हणजे आभासी वास्तव. त्यात डोळ्यांवर चढवलेल्या उपकरणामुळे भोवतालची खोली दृष्टीआड होते व तिच्या जागी दुसरे स्थळ दिसू लागते. मान वळवावी तसे तेही वळते. 'ऑगमेंटेड रिॲलिटी' म्हणजे संवर्धित वास्तव. त्यात भोवतालचे जग दिसतच राहते आणि त्यावर एखादी आकृती, अक्षरे किंवा ध्वनी यांची भर पडते. या दोहोंचा आद्य नमुना मानले जाणारे शिरोधार्य उपकरण अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली तयार केले. दुसरी संज्ञा १९९० च्या सुमारास बोइंग या विमान कंपनीत रूढ झाली. विमानातील तारांची गुंतागुंतीची जुळणी करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीसमोर आराखडा उमटावा, हा तिचा मूळ हेतू होता. छापील पानाशी या दोहोंचा संबंध जोडणारा महत्त्वाचा प्रयोग मार्क बिलिंगहर्स्ट, हिरोकाझू काटो आणि इव्हान पुपिरेव्ह यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. 'मॅजिकबुक' असे त्याचे नाव. हे पुस्तक साध्या डोळ्यांनी साधे पुस्तक म्हणून वाचता येई. उपकरणातून पाहिल्यास पानावर आकृत्या उभ्या राहत. आणि इच्छा झाल्यास वाचक त्या दृश्याच्या आतच शिरे. पुढे 'एस्क्वायर' या अमेरिकी मासिकाने डिसेंबर २००९ चा अंक याच धर्तीवर काढला. मुखपृष्ठावरील काळ्या-पांढऱ्या चौकटीसमोर संगणकाचा कॅमेरा धरला की पडद्यावर चित्र हलू लागे. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने आपल्या दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना वृत्तपत्राबरोबर पुठ्ठ्याचे एक साधे दर्शकयंत्रच घरपोच दिले.

हे सारे परदेशातले आणि अगदी अलीकडचे, असे वाचकास वाटेल. अजिंठ्यापुरते ते तसे नाही. १८६४ साली लंडन येथे 'वन हंड्रेड स्टिरिओस्कोपिक इलस्ट्रेशन्स' या नावाने आरंभ होणारा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम भारतातील वास्तू आणि प्राणिसृष्टी यांची शंभर जोडछायाचित्रे होती. छायाचित्रकार होते मेजर रॉबर्ट गिल, वर्णनकार जेम्स फर्ग्युसन, आणि चित्रित स्थळांत आपले अजिंठा होते. जोडछायाचित्र म्हणजे एकाच वस्तूची डाव्या व उजव्या डोळ्यास दिसावीत तशी किंचित निरनिराळी दोन छायाचित्रे. ती दोन भिंगांच्या यंत्रातून पाहिली की मेंदू त्यांचा मेळ घालतो आणि सपाट कागदावर खोली उत्पन्न होते. आजचे आभासी वास्तव याच तत्त्वावर उभे आहे. भर पडली आहे ती मानेच्या हालचालीबरोबर दृश्य बदलण्याची. छापील पानास खोली देण्याचा प्रयत्न आपल्या जिल्ह्यातील लेण्यांवर एकशे साठ वर्षांपूर्वीच होऊन गेला, असे म्हणण्यास म्हणून हरकत नाही.

गिल यांचे पुढचे-मागचे चरित्र या विषयाशी अधिकच निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली त्यांना अजिंठ्याची चित्रे उतरवून घेण्यास पाठवले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी तैलरंगांत मोठमोठ्या प्रतिकृती केल्या व त्या लंडनला रवाना झाल्या. सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडलेल्या असताना डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली आणि जवळजवळ सर्व भस्मसात झाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांसह नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील पुष्कळशा १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. ज्या उरल्या त्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये छापले गेले. प्रतिकृती नष्ट झाल्या, परंतु छापील खंड ग्रंथालयांत राहिले, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. पुढे तिचा उपयोग आहे.

प्रतिकृतींच्या या उद्योगाची किंमत मूळ चित्रांनी मोजली. रेषा स्पष्ट दिसावी म्हणून चित्रांवर व्हार्निश चढवण्यात आले. काही वर्षांत ते पिवळे-काळे पडले. निजाम राजवटीत १९२० नंतर आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी, चेक्कोनी व ओर्सिनी यांनी, सुटत चाललेला गिलावा भिंतीस धरून ठेवण्याचे मोलाचे काम केले. तथापि त्यांनी वापरलेल्या लाखेच्या रोगणानेही रंग झाकोळले. तेव्हा संगणकीय प्रतिमेच्या बाजूने पहिला युक्तिवाद करावयाचा तर तो हाच, की ती घेताना भिंतीस हात लावावा लागत नाही. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी अत्यल्प प्रकाशात, झगझगीत दिव्यांवाचून, अजिंठ्याची जी छायाचित्रे घेतली त्यांनी हे सिद्ध केले. त्यांचा ग्रंथ १९९८ साली निघाला आणि आपल्यापैकी अनेकांनी लाजवर्दी निळा रंग छापील पानावर खऱ्या अर्थाने तेव्हाच पाहिला.

छपाई अशी सुधारत गेली. मग पानात उणीव कोणती राहिली? येथे लेण्याच्या रचनेकडे वळले पाहिजे. सतराव्या लेण्याच्या उजव्या भिंतीवर सिंहलावदान चितारलेले आहे. सिंहल नावाचा व्यापारी, फुटलेले जहाज, राक्षसींचे बेट, शुभ्र उडता अश्व आणि पुढे राजवाड्यात घडणारा अनर्थ असा हा विस्तृत कथाभाग जवळजवळ संपूर्ण भिंत व्यापतो. या भिंतीसमोर उभे राहून ती एका दृष्टिक्षेपात पाहता येत नाही. दालनात वीस स्तंभ आहेत. भिंत आणि स्तंभांची रांग यांच्यामधील वाट अरुंद आहे. मागे सरावे तर स्तंभ आड येतो. म्हणजे चित्रकाराने हे चित्र चालत्या माणसासाठी, अंधूक प्रकाशात, तुकड्या-तुकड्याने दिसावे असेच रचलेले आहे. ग्रंथात आपण दोन पानांवर पसरलेली जी 'संपूर्ण भिंत' पाहतो ती अनेक छायाचित्रे सांधून केलेली असते, आणि ते दृश्य पाचव्या शतकापासून आजवर लेण्यात उभ्या राहिलेल्या कोणासही दिसलेले नाही.

दुसरी बाब कथेच्या क्रमाची. जर्मन विद्वान डीटर श्लिंगलोफ यांनी अजिंठ्याच्या कथाचित्रांचा प्रसंगवार अभ्यास करून दाखवून दिले की, चित्रकार बहुधा घटनांचा कालक्रम पाळत नाही, स्थलक्रम पाळतो. वाड्यातील प्रसंग वाड्यापाशी, अरण्यातील प्रसंग अरण्यापाशी. मग ते कथेत आधी येवोत वा नंतर. विद्या दहेजिया यांनी या पद्धतीस कथनाचे जाळे म्हटले आहे. छद्दन्त जातक घ्या. छद्दन्त गजराजाच्या दातांसाठी राणीने धरलेला हट्ट हा कथेचा आरंभ, आणि ते दात समोर आल्यावर तिचा झालेला अंत ही कथेची अखेर. दोन्ही प्रसंग वाड्यातले असल्याने या तत्त्वानुसार ते शेजारी येऊ शकतात, जरी त्यांच्यामध्ये शिकाऱ्याचा सारा प्रवास आणि अरण्यातील ती करुण घटना घडून जात असली तरी. आता हे चित्र आपण मासिकात छापतो तेव्हा काय करतो? त्याचे तुकडे पाडतो, प्रत्येकास एक-दोन-तीन असे आकडे देतो आणि रकान्यातील मजकुराच्या ओघात ते ओवतो. भिंतीवरचे जाळे उसवून आपण त्याची सरळ दोरी करतो. वाचकाच्या सोयीसाठी हे आवश्यक असते. मात्र चित्रकाराची योजना त्यात हरवते. आभासी लेणे पानापेक्षा खरोखर काही अधिक देऊ शकत असेल तर ते हेच: अरुंद वाट, आड येणारा स्तंभ, आणि कथेत कोठूनही शिरण्याची मुभा. ज्या ज्येष्ठ उपासकांना आता लेण्यांच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांना ही वाट चालता येणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

नेमक्या याच ठिकाणी बहुतेक प्रयोग चुकतात. आभासी अवकाशात मासिक न्यायचे म्हणून ते मासिकाचे पानच हवेत टांगतात. तेच रकाने, त्याच चौकटी, वाचकाच्या नाकासमोर तरंगणाऱ्या. हे निरुपयोगी तर आहेच, देवनागरीसाठी अपायकारकही आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या कोनात सुमारे साठ बिंदू वेगळे ओळखू शकतो. प्रचलित शिरोधार्य उपकरणांपैकी बहुतेकांत एका अंशास वीस-पंचवीस बिंदूंच्या आसपासच मिळतात. रोमन लिपीतील मोठी अक्षरे त्यात निभावून जातात. आपल्या लिपीत शिरोरेघेवर अनुस्वार, रफार व मात्रा यांची आणि खाली उकार व जोडाक्षरांची दाटी असते. तेथे प्रथम गळतो तो अनुस्वार. पालीच्या विद्यार्थ्यास याचा अर्थ सांगणे नको. 'धम्मं' ही द्वितीया. बिंदू पुसला की उरलेला 'धम्म' संबोधन ठरतो. गाथेतील असे दहा बिंदू गळाले तर वाचकाने काय वाचले हे त्यालाही कळणार नाही. तस्मात् दीर्घ मजकूर कागदावरच राहावा, आणि अवकाशात जाणारी अक्षरे मोजकी व ठसठशीत असावीत, असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे. 'बहिष्कृत भारत' चालवताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर अंकाचे रकानेच्या रकाने एकहाती लिहून काढीत. विचाराला सलग, शांत वाचन लागते, आणि त्यासाठी रकान्याहून चांगली जागा अद्याप कोणी शोधलेली नाही.

मग पानावरचे नेमके काय भिंतीवर न्यावयाचे? माझ्या मते, चित्राखालची ओळ. मासिकातील सर्वांत लहान टंकातला आणि बहुधा सर्वांत शेवटी, घाईघाईने लिहिला जाणारा हा मजकूर. परंतु चित्रापाठोपाठ वाचक तोच वाचतो आणि तोच लक्षात ठेवतो. संवर्धित वास्तवात तर चित्राशेजारी दुसरा मजकूर नसतोच. चित्र आणि त्यावर तरंगणारे नाव, एवढेच. ते नाव चुकीचे असेल तर?

अजिंठ्यापुरता हा प्रश्न काल्पनिक नाही. वर ज्या सिंहलावदानाचा उल्लेख केला त्याच चित्रास दीर्घकाळ 'विजयाचे सिंहलद्वीपात आगमन' असे म्हटले जाई. महावंसातील राजपुत्र विजयाची कथा त्यावर लादली गेली होती. वस्तुतः राक्षसींचे बेट आणि तारणारा अश्व हे मूळ पालीतही वलाहस्स जातकात, क्रमांक १९६ वर, संक्षेपाने येते, आणि भिंतीवरील विस्तृत कथा संस्कृत अवदानाशी जुळते. सोळाव्या लेण्यातील सुप्रसिद्ध 'मरणोन्मुख राजकन्या' ही मरत नाही; नंदाने प्रव्रज्या घेतल्याचे कळताच कोसळलेली ती त्याची पत्नी आहे, असे आता अभ्यासक मानतात. जुने नाव मात्र अद्याप दिनदर्शिकांवर आणि भेटकार्डांवर सुखेनैव नांदते आहे. तिसरे उदाहरण सर्वांत बोधक. पहिल्या लेण्यातील एका दरबाराच्या चित्रात परदेशी वेशातील माणसे आहेत. फर्ग्युसन यांनी १८७९ साली असे प्रतिपादन केले की, हा इराणचा सम्राट दुसरा खुस्रो याने चालुक्य दुसऱ्या पुलकेशीकडे पाठवलेल्या वकिलातीचा प्रसंग होय. पुलकेशी सातव्या शतकातला. म्हणून लेणेही सातव्या शतकातले. चित्राच्या एका नावावरून लेण्याचा काळ ठरला आणि तो पिढ्यानपिढ्या पाठ्यपुस्तकांत शिकवला गेला. आज पहिले लेणे वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. श्लिंगलोफ यांनी त्या दरबारास महासुदर्शनाची कथा म्हणून ओळखले आहे. दीघनिकायातील महासुदस्सन सुत्त आपल्या वाचकांस परिचित आहेच. बौद्ध कथेचे चित्र शतकभर एका राजाच्या परराष्ट्र व्यवहाराचे चित्र म्हणून वावरले, याला कारण एक चित्रओळ.

छापील अंकात अशी चूक झाली तर पुढील अंकात शुद्धिपत्र देता येते, आणि जुना अंक जुन्या चुकीसह ग्रंथालयात राहतो. त्यामुळे कोणी केव्हा काय मानत होते, याचा मागमूस उरतो. मोबाईलमधून तरंगणारे नाव एका रात्रीत बदलता येते. चूक दुरुस्त होते ही चांगली गोष्ट. परंतु बदल झाला होता हेच कोणास कळत नसेल, तर उद्या योग्य नाव पुसून अयोग्य नाव घालणाऱ्याचाही माग राहणार नाही. बौद्ध अवशेषांच्या नामांतराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक उलगडून सांगावयास नको.

या बाबतीत आमच्या पालीच्या क्षेत्रातून, आणि तेही महाराष्ट्रातून, एक उत्तम दाखला मिळतो. रंगून येथील छट्ठ संगायनात, १९५४ ते १९५६ या काळात, संशोधित झालेला तिपिटक इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीत छापला आणि १९९७ साली तो संगणकाच्या तबकडीवर आणला. ही तबकडी वापरणाऱ्यांना आठवत असेल, पडद्यावरील मजकुराबरोबर पृष्ठांक दिसत. आणि तेही एकाच आवृत्तीचे नव्हेत, तर लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या, म्यानमारच्या व थायलंडच्या छापील आवृत्त्यांचेही. पडद्याला पाने नसतात. तरीही पृष्ठांक ठेवले, कारण अभ्यासकाला आपण वाचतो ती ओळ कागदावर कोठे आहे हे पडताळता आले पाहिजे. पानाची मांडणी नव्या माध्यमात नेणे ती अशी. पानाचे रूप मागे राहिले, त्याचे उत्तरदायित्व पुढे गेले.

अभिलेखांच्या मुद्रणातील संकेतही याच जातीचा. सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा किंवा सतराव्यातील दानलेख वा. वि. मिराशी यांनी १९६३ साली वाकाटकांच्या लेखसंग्रहात छापला, तेव्हा दगडावर झिजलेली व संपादकाने तर्काने पुरवलेली अक्षरे कंसांनी वेगळी दाखवली. वाचकास डोळ्यांनी कळते की येथपर्यंत दगड आणि येथून पुढे विद्वान. संगणकावर पुनःस्थापित केलेल्या चित्रांत हा कंस कोठे असतो? पडलेला गिलावा भरून निघतो, नाक पुरे होते, डोळे उघडतात, आणि पाहणारा सारेच पाचव्या शतकातील समजतो. संवर्धित वास्तवात खरे तर हा कंस घालणे पानापेक्षा सोपे आहे: भरलेला भाग किंचित फिक्या रंगात ठेवावा, आणि बोट ठेवताच तो नाहीसा होऊन खालची उघडी भिंत दिसावी. उपकरणाची एवढी एक करामत मला मनापासून आवडली.

आता यंत्राच्या बाजूविषयी थोडक्यात. मोबाईल छापील चित्र ओळखतो तो त्यातील ठळक बिंदूंवरून. कडा जेथे वळतात किंवा प्रकाश-छाया जेथे एकदम बदलते असे शेकडो बिंदू तो टिपतो आणि साठवलेल्या नमुन्याशी ताडून पाहतो. त्या बिंदूंची रचना जितकी तिरपी किंवा लहान दिसेल त्यावरून कॅमेरा पानापासून किती अंतरावर व कोणत्या कोनात आहे याचे गणित करतो आणि त्या हिशेबाने आकृती पानावर बसवतो. म्हणून चित्रात वैविध्य लागते. दुसऱ्या लेण्यातील सहस्रबुद्धांच्या ओळी याला अगदीच गैरसोयीच्या. प्रत्येक मूर्ती शेजारणीसारखी असल्याने यंत्र गोंधळते. चकचकीत आर्ट पेपरवर दिव्याचे प्रतिबिंब पडते व बिंदू हरवतात. साधा, निस्तेज कागद बरा. आमच्या एका विद्यार्थ्याने पदव्युत्तर विभागाच्या टेबलावर केलेल्या चाचणीत महागड्या कागदावरची छपाई नापास झाली आणि झेरॉक्सच्या कागदावरची उत्तीर्ण, तेव्हा खर्चाची बाजू मांडणाऱ्या आमच्या सदस्यांस झालेला आनंद पाहण्यासारखा होता. ज्यांना एवढाही खटाटोप नको त्यांनी पानाच्या समासात क्यूआर संकेत छापावा. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांमुळे तो आता शाळकरी मुलांच्याही ओळखीचा झालेला आहे.

या माध्यमाचा एक मोह मात्र निक्षून टाळला पाहिजे. चित्रातील तथागतांची आकृती हलवावी, तिच्या मुखातून मराठीत उपदेश ऐकवावा, ही सूचना बैठकीत आली होती. हेतू शुद्धच होता. परंतु प्रत्येक सुत्ताच्या आरंभी 'मी असे ऐकले' या अर्थाचे निवेदन का येते, कोणत्या नगरात, कोणत्या विहारात, कोणास उद्देशून हे का सांगितले जाते? ऐकणारा आणि स्थळ नोंदवल्यावाचून वचन पुढे जाऊ द्यावयाचे नाही, ही त्या परंपरेची शिस्त होती. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसही हेच शिकवतात: एखाद्याने हे बुद्धवचन म्हणून सांगितले तर ते लगेच स्वीकारू नये वा धिक्कारू नये, सुत्त व विनय यांच्याशी ताडून पाहावे. बाबासाहेबांनीही १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचनांच्या विपर्यस्त वृत्तांताविषयी वाचकास सावध केले आहे. ध्वनिमुद्रित नटाचा आवाज बुद्धमुखी घालणारी आकृती त्या कसोटीस कशी उतरणार? निवेदक चौकटीबाहेर असावा, आणि त्याने आपण कोणत्या ग्रंथाच्या आधारे बोलतो ते प्रथम सांगावे.

टिकाऊपणाचा प्रश्न राहिला. फर्दापूरजवळ जपानी अर्थसाहाय्याने अजिंठा अभ्यागत केंद्र उभारण्यात आले. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांच्या प्रतिकृती तेथे केल्या आहेत. २०१३ मध्ये ते खुले झाले, आणि पुढे काही वर्षांतच वीज-पाण्याच्या थकबाकीपायी त्याला टाळे लागले. भक्कम सिमेंटच्या प्रतिकृतीची ही कथा. संगणकीय प्रतिकृती तर एखाद्या कंपनीच्या निर्णयावर जगते. ज्या गूगलच्या पुठ्ठ्याच्या दर्शकयंत्राचे २०१५ साली एवढे कौतुक झाले त्याची विक्री कंपनीने २०२१ मध्ये बंद केली. गिल यांच्या प्रतिकृती जळाल्या, तशी आमची प्रतिमाही एक दिवस उघडेनाशी होणार, हे गृहीत धरूनच अंक रचला पाहिजे. मोबाईल नसलेल्या वाचकासही अंक पूर्ण वाटला पाहिजे, आणि मोबाईलमध्ये जे जे अक्षर दिसेल ते अंकाच्या शेवटच्या पानांवर छापलेले असले पाहिजे, या दोन अटी मी त्यासाठीच घातल्या आणि मंडळाने त्या मान्य केल्या.

आरंभ अजिंठ्यापासून न करता घराजवळून करावयाचे ठरले आहे. विद्यापीठामागील डोंगरात, औरंगाबाद लेण्यांच्या सातव्या लेण्यात, प्रवेशापाशी अवलोकितेश्वराचे अष्टमहाभयाचे शिल्पपट आहे: मध्ये उभी मूर्ती आणि दोन्ही बाजूंस अग्नी, तलवार, बेडी, नौकाभंग, सिंह, सर्प, हत्ती आदी भयांत सापडलेल्या माणसांचे छोटे प्रसंग, वरून खाली रचलेले. शिल्पकाराने जणू दोन रकान्यांचे पानच दगडात जुळवले आहे. प्रसंग सुटे असल्याने येथे कथाक्रमाचा घोटाळा नाही, आणि प्रत्येक प्रसंग दुसऱ्याहून वेगळा असल्याने यंत्रही गोंधळत नाही. शिल्प महायान परंपरेचे आहे, ही गोष्ट त्यावरील ओळीत स्पष्ट लिहिली जाईल. प्रत्येक प्रसंगावर बोट ठेवताच एक लहान वाक्य उमटेल. त्याखाली ती ओळख कोणत्या अभ्यासकाची व कोणत्या वर्षाची ते येईल, आणि ओळख बदलल्यास जुनी ओळ खोडलेल्या स्वरूपात तशीच दिसत राहील. आठांपैकी एका प्रसंगाच्या वाक्यावर आम्हा दोघा लेखकांचे अद्याप एकमत झालेले नाही. ते अंक छपाईस जाईपर्यंत झाले नाही, तर दोन्ही वाचने एकाखाली एक दिली जातील.